शेजारणीचं शून्य

बँकेतल्या माणसाला पाच पैशांनाही शून्य म्हणवत नाही. संगणकाचं तसं नाही. ‘जीसीसी’ कंपायलरला ‘फास्ट-मॅथ’ नावाची एक कळ आहे. ती दाबून बनवलेली लायब्ररी प्रोग्रामात नुसती येऊन बसली, की ‘अतिसूक्ष्म आकडे शून्य धरा’ असा हुकूम थेट प्रोसेसरलाच देई. मग काडीचा संबंध नसलेल्या शेजारच्या कोडचेही चिमुकले आकडे गडप! २०२३ साली जीसीसी १३ ने ही खोड मोडली.

पण दोष कुणाचा? कळ दाबणारा म्हणेल, “अहो, मी माझ्यापुरती घाई केली.” खरं आहे, पण जिन्यातला दिवा एकच असला, की तो ‘माझ्यापुरता’ विझवता येत नाही. आणि क्षुल्लक काय, हे ज्याचं गेलं त्यानं ठरवायचं असतं.