आधी त्यांच्या घरचं पाणी

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यातली एक गोष्ट सहज निसटून जाते. शोमरोनातल्या सुखार नावाच्या गावाजवळ येशू विहिरीवर बसला आहे. भर दुपार, चालून चालून थकलेला, शिष्य खायला आणायला गावात गेलेले. पाणी भरायला एक बाई येते. उपदेश पुढे होतो, तिच्या आयुष्याची विचारपूसही पुढे होते. सगळ्यात आधी तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

यहुद्यानं शोमरोन्याच्या भांड्याला तोंड लावायचं नाही, हा तिथला रिवाज. बाईला पहिलं नवल वाटतं ते याचंच. मग गाव त्याच्याभोवती जमतं, आमच्याकडे राहा म्हणतं, आणि तो दोन दिवस तिथं राहतो. दोन दिवस म्हणजे त्यांच्याच हातचं जेवण आणि त्यांच्याच छपराखाली झोप. शिष्यांना ते दोन दिवस कसे गेले असतील, हे मला नेहमी जाणून घ्यावंसं वाटतं.

कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, याचा अर्थ महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा सारा देश हलला. आपल्याकडे माणसाला दूर ठेवायचं ते पाण्यापासून, आणि जवळ केलं हेही कळतं ते पाण्यावरूनच.

म्हणून मला असं वाटतं की मंडळीत नवा माणूस आला की त्याला काय द्यायचं याचाच विचार आपण करतो, आणि त्याच्याकडून काय घ्यायचं हा विचार राहूनच जातो. देणं सोपं आहे. देताना आपण घरचे असतो आणि तो पाहुणा असतो. घ्यायला लागलो की मगच तो घरचा होतो.

तळोद्यात नवी माणसं सतत येत असतात. सातपुड्याच्या पायथ्याचं हे तालुक्याचं गाव. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथं, आश्रमशाळा आजूबाजूला. त्यामुळे बदली होऊन आलेले शिक्षक, नर्सताई, ग्रामसेवक, कुठून कुठून आलेले. कुणी लातूरकडचं, कुणी नगरचं, कुणी विदर्भातलं. धडगावकडच्या डोंगरातून मुलांच्या शिक्षणासाठी खाली उतरलेली पावरा कुटुंबं आहेत. नवापूरकडून लग्न होऊन आलेल्या मावची मुली आहेत. बाजाराच्या दिवशी बस स्टँडवर उभं राहिलं तर भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी, सगळं एका वेळी कानावर पडतं.

आणि नर्मदाकाठची माणसं आहेत. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी ३३ गावं आली, ती अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. हा सगळा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्या गावांतल्या कितीतरी कुटुंबांना तळोदा तालुक्यात, वनखात्याच्या जमिनी मोकळ्या करून, वसवलं गेलं. सोमावल, रोझवा, रेवानगर ही त्या वसाहतींची नावं आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण ते येणं सुखाचं नव्हतं, ना येणाऱ्यांसाठी ना इथल्यांसाठी. ज्या वनजमिनी त्यांना मिळायच्या होत्या, त्यांतल्या काहींवर इथलेच गरीब आदिवासी आधीपासून नांगर धरत होते. त्यांच्या नावावर कागद नव्हता, घाम मात्र त्यांचाच होता. एका विस्थापिताला जागा देताना दुसरा उठवला जाणार, असा तो पेच. त्यातून भांडणं झाली, मोर्चे झाले.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. नव्या माणसाचं स्वागत करा, असं आपण वेदीवरून किती सहज म्हणतो! ज्याच्या बांधाला तो नवा माणूस येऊन टेकला आहे, त्याला ते सहज नसतं. हातपंपावरची रांग लांबते. रोजगार हमीचं काम वाटलं जातं. ज्यांना स्वागत करायला सांगायचं त्यांच्या पोटाचा प्रश्नही त्यातच असतो. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीचं जे भांडण आहे ते अगदी असंच, रोजच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं, ही तक्रार. त्यावर प्रेषितांनी प्रेमावर प्रवचन दिलेलं नाही. वाटप बघायला सात माणसं नेमली, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलं, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

आपल्याकडे काय होतं? रविवारी उपासनेत पाळकसाहेब विचारतात, आज कुणी नवीन आलंय का. नवा माणूस संकोचत उभा राहतो, नाव सांगतो, गाव सांगतो. टाळ्या होतात, एक गीत होतं. नंतर चहा, हातात हात, पुढच्या रविवारी या बरं का. यात खोटं काहीच नाही, मनापासून केलेलं असतं. पण हे सगळं दहा मिनिटांत संपतं, आणि मग सोमवार येतो. सहा महिन्यांनी बघावं तर तोच माणूस अजून दाराजवळच्या सतरंजीवर, चपलांच्या बाजूला. त्याला कुणी वाईट बोललेलं नाही, कुणी टाळलेलं नाही. कुणी काही मागितलेलं मात्र नाही.

वसाहतीतल्या एका घरी प्रार्थनासभा होती तेव्हाची गोष्ट मला विसरता येत नाही. त्या घरच्यांना तोशीस नको म्हणून महिला मंडळाच्या बहिणींनी सगळं बरोबर नेलं होतं. चहाचा थर्मास, बिस्किटं, कागदी कप, प्यायच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा. हेतू अगदी चांगला. प्रार्थना झाली, साक्षी झाल्या. मग घरची बाई आतून आली ती दोन्ही हातांत ताटल्या घेऊन. मक्याच्या भाकरी, उडदाची डाळ, ठेचलेली लसणाची चटणी. तिनं पहाटेपासून चूल पेटवलेली होती हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. आमच्यातल्या एकीनं मायेनंच म्हटलं, अहो ताई, कशाला त्रास घेतला, आम्ही आणलंय ना सगळं. ती बाई काही बोलली नाही. ताटल्या हातात धरून तशीच उभी राहिली.

मंडळीतल्या सगळ्यात वयस्क मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे करून एक ताटली ओढून घेतली आणि म्हणाल्या, "बाई, आधी पाणी दे प्यायला. तुझ्या मडक्यातलं दे, गार असेल." तिनं तांब्या भरून आणला. मावशी घटाघटा प्यायल्या, भाकरी मोडली, डाळीत बुडवली आणि खाता खाता विचारलं, डाळीत काय घातलंयस गं, आमच्याकडे अशी होत नाही. मग ती बाई बोलायला लागली. डाळीवरून शेत निघालं, शेतावरून पाण्यात गेलेलं गाव निघालं, तिथली आंब्याची झाडं निघाली. अर्धं पावरीत, अर्धं मराठीत. त्या दिवशी प्रार्थनासभा खरी किती वाजता संपली म्हणायची, कुणास ठाऊक. पुढच्या नाताळात डाळ रांधायची जबाबदारी मावशींनी तिच्यावर टाकली. दोनशे माणसांची डाळ. ती आता दाराजवळ बसत नाही. बसेल कशी, तिला आतबाहेर करावं लागतं, बायकांना कामं सांगावी लागतात.

बर्णबा मला म्हणूनच फार आवडतो. दमास्कसहून शौल यरुशलेमला आला तेव्हा शिष्य त्याला बिचकून होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. काल-परवापर्यंत हाच माणूस त्यांना धरून नेत होता. बर्णबा त्याला घेऊन प्रेषितांकडे गेला, त्याच्यासाठी बोलला. इथवर आपल्याला ठाऊक असतं. पण त्याचं खरं मोठं काम प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात आहे. अंत्युखियातली मंडळी वाढायला लागली, काम एकट्याला आवरेना, तेव्हा तो उठून तार्सला गेला, शौलाला शोधून काढलं आणि बरोबर आणलं. वर्षभर दोघांनी मिळून शिकवलं. आधी विश्वास टाकला, मग काम दिलं. आणि तेराव्या अध्यायात त्या मंडळीच्या शिक्षकांची नावं वाचा: एक कुप्र बेटावरचा, एक कुरेनेचा, एक निगेर म्हणून ओळखला जाणारा, एक हेरोदाच्या घराण्यात वाढलेला, आणि शौल. इतक्या ठिकाणांहून आलेली माणसं एका मंडळीत शिकवत होती, आणि जगभर सुवार्ता न्यायला माणसं पाठवली गेली ती तिथूनच.

एक मात्र आहे. घेणं दोन्ही बाजूंनी असतं आणि दोन्ही बाजूंना वेळ लागतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर काही वर्षं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या त्याही आपलं सोवळं घेऊनच आल्या. ख्रिस्ती शेजारात राहायचं, पण आपला स्वयंपाक वेगळा, आपलं पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. शेवटी एक दिवस, आपल्याच मनाशी विचार करून, लक्ष्मीबाईंनी ते सोवळं सोडलं, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच घरात कितीतरी निराधार मुलं लहानाची मोठी झाली. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला ते मधले दिवस सगळ्यात मोलाचे वाटतात. ज्या माणसाचं मन अजून तयार नाही त्याला त्याची घागर वेगळी ठेवू देणं, आणि तरी त्याच्याशी शेजारपण राखणं, हे आपल्या मंडळ्यांना आजही जड जातं. आपल्याला घाई असते. दोन रविवार आला की त्यानं आपल्यासारखं गावं, आपल्यासारखी प्रार्थना करावी, आपल्या मराठीत बोलावं.

आणि आपली मराठी तरी इथली कुठे? सुवार्ता आणणारेही बाहेरचेच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनचे मिशनरी पश्चिम खानदेशात आले. त्यांना इथली हवा ठाऊक नव्हती, वाटा ठाऊक नव्हत्या, बोली तर नाहीच. पुढे शाळा निघाल्या. अमेरिकेच्या मिशनचा नवापूर तालुक्यातला चिंचपाड्याचा दवाखाना १९४२ सालचा. आपण या लोकांनी काय काय दिलं ते सांगतो आणि सांगावंही. पण त्यांना पहिला तांब्या कुणी दिला असेल, पावसाळ्यात नदी कुठून ओलांडायची हे कुणी दाखवलं असेल? इथल्याच कुणा भिलानं, कुणा मावचीनं. त्याचं नाव कुठल्या अहवालात नाही. तो होता म्हणून आजची मंडळी आहे.

आता आपलीच माणसं बघा. दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबं उसाच्या फडावर जातात, बारडोली, सुरतकडे. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं. रविवारी आपल्या सतरंज्या मोकळ्या दिसतात. ती माणसं तिथं परकी असतात. उसाच्या पाचटाच्या खोपीत राहतात, पहाटे तीनला उठतात, आणि रविवार कुठला नि सोमवार कुठला हेही त्यांना उरत नाही. तिथल्या एखाद्या मंडळीनं आपल्या माणसाला आत बोलावलं असेल का, त्याच्याकडून एखादं गीत म्हणवून घेतलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपण जे इथल्या नव्या माणसासाठी करतो, तेच आपल्या माणसासाठी कुणीतरी तिथं करावं असं आपल्याला वाटतंच ना. निदान महिन्यातून एकदा पंचांपैकी कुणी त्यांना फोन करतं का, मुलांना ताप आहे का विचारतं का, एवढं तरी आपल्या हातात आहे.

होळीच्या आधी ती परत येतील. होळीला आपला माणूस सातपुड्याबाहेर राहत नाही. आणि या वर्षी एक प्रश्न येणार आहे, तो आत्ताच बोलून ठेवलेला बरा. आपला ढोलक वाजवणारा पोरगा फडावर गेला, त्याची जागा लातूरकडून बदली होऊन आलेल्या मास्तरांच्या मुलानं भरून काढली. नवा आहे, पण हात चांगला आहे, आणि ढोलकामुळेच तो तरुण संघात मिसळला. आता जुना परत आला की काय करायचं? नव्याच्या हातून ढोलक काढून घेतला तर तो पुन्हा मागे जाऊन बसेल. जुन्याला सांगितलं की आता तुझी गरज नाही, तर चार महिने ऊस तोडून आलेल्या पोराला आपल्याच मंडळीत पाहुण्यासारखं वाटेल. मला विचाराल तर मराठी गीतांना नव्यानं वाजवावं, पावरी गीतांना जुन्यानं, आणि दर महिन्याला एक गीत दोघांनी एकमेकांना शिकवावं. दुसरा ढोलक घ्यावा लागेल. त्याच्या खर्चाचं रविवारी उपासनेनंतर पंचांच्या सभेत ठरवू.