उंच गाडी, बुटका पूल

शिरूर कासार तालुक्यात एक मुकादम होता. जुन्या बोधकथांत राजा असतो, आमच्याकडं मुकादम असतो. कारखान्याकडून उचल घ्यायची, ती कोयत्यांना वाटायची, दसरा झाला की टोळी ट्रकात घालून सांगली-कोल्हापूरकडं न्यायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत आणायची, हा त्याचा राज्यकारभार. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, हे बीडबाहेरच्या वाचकासाठी सांगून ठेवतो. या मुकादमाचा बाप टायर सेंटरला होता. म्हणजे बैल घरचे आणि रबरी टायरची गाडी कारखान्याची. त्याच घरात तिसऱ्या पिढीला दारापुढं थार उभी राहिली. काळी, कोरी. मुकादमाच्या धाकट्यानं हट्टानं घ्यायला लावलेली.

गाव आणि शिरूर यांच्या मधे एक ओढा आहे. तो पुढं सिंदफणेला मिळतो. ओढ्यावर नळकांडी पूल: खाली सिमेंटचे तीन पाइप, वर काँक्रीटची पट्टी, कठडा नाही. कडेनं चुना लावलेले दगड मांडलेत, तेवढीच खूण. डोंगरावर पाऊस झाला की ओढ्याला लोंढा येतो, सिंदफणा भरली की तिचा फुगवटा मागं चढतो, आणि दोन्ही एकाच दिवशी झालं की पूल पाण्याखाली. पावसाळ्यात असं चार-सहा वेळा होतंच. त्या दिवशी शाळेची पोरं घरी, दवाखान्याचा माणूस घरी आणि दूध घरी.

धाकट्याला वाटलं, या रस्त्याला आपली गाडी बुटकी पडते. तो शिरूरला मिस्त्रीकडं गेला.

“टायर मोठे घालायचेत. लिफ्ट किट पण.”

“कशाला?” मिस्त्रीनं बोनेटमधून डोकं न काढता विचारलं.

“पूल पाण्यात असला तरी गाडी निघाली पाहिजे.”

मिस्त्री बाहेर आला, हात पुसले आणि खडूनं फरशीवर चाक काढलं. “हे तुझं आत्ताचं. 255/65, अठराची रिंग. उंची एकतीस इंच. तू म्हणतोस ते 285 घातलं तर साडेबत्तीस. दीड इंच वाढला, पण चाक टेकतं खाली जमिनीला. आस वर जाणार त्याच्या निम्मा. पाऊण इंच. आता किटचं बघ. स्प्रिंगला स्पेसर टाकून दोन इंच उचलता येतं, पण उचलते ती बॉडी. मागच्या आसाचा गोळा स्पेसरनं जागचा हलत नाही. आणि दगड लागतो तो गोळ्यालाच. म्हणजे एवढा खर्च करून गोळा वर गेला पाऊण इंच.”

“दिसायला तर उंच दिसती.”

“दिसती, ते खरं.”

मिस्त्री टायरच्या विरोधातला नव्हता, हे सांगायला पाहिजे. बालाघाटाच्या कड्याकपारीत, दगडगोट्यांच्या वाटेवर, हवा थोडी कमी करून मोठा टायर फार चांगला चालतो; चाक दगडावर सहज चढतं आणि जाड भिंत लवकर चिरत नाही. पण एक वाढवलं की बाकीच्यांना विचारावं लागतं, असं त्याचं म्हणणं. पुढच्या चाकांना ताकद नेणारे शाफ्ट तिरके होतात, मग त्यांचे रबरी बूट फाटतात आणि ग्रीस उडतं. चाक जड, ब्रेक मात्र तेच. गाडी थांबायला जास्त अंतर खाते. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टनं पळत असते. स्टेपनी मागच्या दाराला, ती जड झाली की बिजागऱ्या बोलायला लागतात. वजन वर गेलं की वळणावर गाडी कलते. “तुझ्या आजाला विचार,” मिस्त्री म्हणाला, “उसाच्या मोळ्या दोन थर जास्त रचल्या की गाडी कशी चालायची ते.”

कायद्याचंही त्यानं सांगितलं, आणि ते बरोबर होतं. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल नोंदणीच्या गाडीत करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये दिला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातलं कलम 182अ नव्यानं लिहिलं गेलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पुण्याला जाऊन काम करून आणलं. दीड लाखाच्या वर गेले. मुकादमानं विचारलं नाही. धाकट्या लेकाला विचारायचं नसतं.

पोळ्याच्या सुमारास गाडी गावात आली तेव्हा बैलांपेक्षा तिच्यापुढं गर्दी जास्त. पोरांनी टायरला पाठ लावून उंची मोजली. नारायणगडाला गेली, तिथंही फोटो निघाले. अडचण घरातच निघाली. आजीला चढता येईना. पहिल्या दिवशी पाट ठेवला, दुसऱ्या दिवशी दुधाचा कॅन उपडा घातला, तिसऱ्या दिवशी आजी म्हणाली, “मला यष्टीनं जाऊ दे.” मग धाकट्यानं दोन्ही बाजूंनी लोखंडी पायरी बसवून घेतली. ती पायरी एवढी खाली लोंबली की दीड लाखाची उंची तिथंच बरीचशी वळती झाली. गावात हे एका माणसाच्या लक्षात आलं.

तो माणूस म्हणजे दूधवाले तात्या. त्यांच्याकडं जुनी कमांडर जीप. एकेकाळी काळीपिवळी म्हणून चालली, आता वस्त्यांवरचं दूध गोळा करून शिरूरला नेते. टायर सहाशे-सोळा, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. काळ्या चिखलात रुंद टायरला माती चिकटून त्याचा गोटा होतो, अरुंद टायर चिखल कापत खालच्या मुरमाला जाऊन टेकतो. तात्यांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, पण वर्षानुवर्षं त्याच्यावरच पोट भरलंय. पूल पाण्यात गेला की ते जीप लिंबाखाली लावायचे, काठी घेऊन काठाला जायचे आणि चुन्याचे दगड दिसतात का बघायचे. दिसले नाहीत की परत. दूध नासू नये म्हणून दावणीमागं त्यांनी चुलवण बांधून ठेवलंय. कढई चढवायची आणि खवा करायचा. त्या दिवशी लिटरमागं पैसा कमी मिळतो, पण मिळतो.

2025 चा सप्टेंबर मराठवाडा विसरणार नाही. सोयाबीन पाण्यात, कपाशी पाण्यात, आणि वाहून गेलेल्या मातीचा तर हिशेबच नाही. सिंदफणेनं पात्र सोडलं. त्या दिवसांतली एक सकाळ. पाऊस थांबलेला, पण ओढा पिवळा आणि पुलाचा पत्ता नाही. वस्तीवरचे लोक कॅन घेऊन उभे. तात्या बघून आले आणि म्हणाले, “चूल पेटवा.”

तेवढ्यात धाकटा गाडी घेऊन आला. “कशाला खवा? टाका इकडं कॅन. कंपनीच सांगती, साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाती. आता तर त्याच्यावर उंच केलीय.”

“ते थांबलेल्या पाण्याचं, बाळा. हे वाहतंय.”

“तात्या, तुमच्या जीपचं वेगळं.”

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. चार कॅन थारमध्ये गेले. तात्यांनी स्वतःचे दिले नाहीत.

पाणी खोल नव्हतं, हे खरं. पुलावर मांडीएवढं असेल. पण वाहतं पाणी खोलीनं मारत नाही, रेट्यानं मारतं. दोन फूट वाहत्या पाण्यात भल्याभल्या गाड्या तरंगून बाजूला सरकतात, आणि मोठ्या टायरात हवा जास्त, म्हणजे तरंगायला मदतच. तरी धाकट्याची गाडी तरंगली नाही. तिथवर ती पोचलीच नाही. पुराबरोबर आलेला काडीकचरा, बोरी-बाभळीच्या फांद्या नळकांड्यांत अडकल्या होत्या, पाणी बाजूनं फिरलं होतं आणि पुलाला लागून असलेला मुरमाचा भराव रात्रीतच खाऊन टाकला होता. पुलाची पट्टी जागेवर, तिच्या अलीकडं पुरुषभर खड्डा, आणि वरून सगळं एकसारखं पिवळं. पुढचं डावं चाक त्या खड्ड्यात गेलं. ज्या खड्ड्याला तळच लागत नाही, त्याला टायर एकतीस इंचाचा काय आणि साडेबत्तीसचा काय!

गाडी कलली. उंच असल्यामुळं जरा जास्तच कलली. धाकटा काचेतून बाहेर आला, छतावर चढला. त्याला काढलं ते तात्यांनी आणि वस्तीवरच्या चौघांनी, कासऱ्याला कासरा बांधून. त्यातले दोघं मुकादमाचेच कोयते. त्यांच्या हालचालीत घाई नव्हती. कुठं पाय टाकायचा, कुठं वाकून पाणी अंगावर घ्यायचं, सगळं पाठ. धाकट्यानं काठावर धापा टाकत विचारलं, “तुम्हाला एवढं कसं माहीत?” त्यातला एकजण म्हणाला, “आम्ही पायी जातो ना.”

चार कॅन दूध सिंदफणेला गेलं. गाडी दोन दिवसांनी जेसीबीनं निघाली. इंजिनात पाणी, गिअरबॉक्समध्ये पाणी, सीटमध्ये गाळ. विम्याचा माणूस आला, त्यानं टायरवरचा आकडा वाचला, स्प्रिंगखाली हात घातला आणि विचारलं, “हे कळवलं होतं का?” कळवलेलं नव्हतं. दावा तिथंच अडकला.

मुकादम तात्यांकडं गेला, आभार मानायला. तात्या कढईत उलथनं फिरवत होते. खवा आळत आला की कढईच्या बुडाला लागतो, हात थांबवता येत नाही. म्हणून त्यांनी वर न बघताच बोलायला सुरुवात केली.

“दीड लाख घातलेस म्हणं पोराच्या गाडीला.”

“घातले तात्या. हट्ट होता.”

“दीड लाखात पूल होत नाही, एवढं मलाही कळतं. पण इलेक्शनला उमेदवार पहिला तुझ्या ओट्यावर येतो. शंभर कोयत्यांची मतं तुझ्या शब्दावर. इतक्या वर्षांत तू त्यांच्याकडं काय काय मागितलंस, मी ऐकून आहे. पूल मागितलास का एकदा तरी?”

मुकादम गप्प.

“नाही मागितलास. कारण तुला तो बुटका दिसलाच नाही. आधी तुझ्याकडं जीप आली, मग बोलेरो, मग ही. दरवेळी तू तेवढा वर गेलास. पूल बुटका आहे हे पायी चालणाऱ्याला दिसतं, आणि त्याला कुणी ओट्यावर बसवत नाही.” एवढं बोलून तात्यांनी पळीभर खवा पानावर काढला आणि पुढं केला. “घे. तुझ्या पोराच्या गाडीत न घातलेल्या दुधाचा आहे.”

मला या गोष्टीत मुकादमाचा राग येत नाही. त्यानं कुणाचं काही हिसकावलं नव्हतं, स्वतःच्या पैशानं गाडी उंच केली होती. पण गावातला मातब्बर माणूस आपल्यापुरती वाट काढतो तेव्हा बाकीच्यांची तक्रार आपोआप पोरकी होते, आणि हे कुणी ठरवून करत नाही.

त्या वर्षी 2 ऑक्टोबरलाच दसरा आला. ग्रामसभा सकाळी होती आणि टोळी निघायची म्हणून सगळे गावात होते. उंच पुलाचा ठराव मांडला धाकट्यानं, अनुमोदन त्याला ओढून काढणाऱ्या कोयत्याचं. मुकादमानं अर्जाची प्रत स्वतः पंचायत समितीत नेऊन दिली आणि पोच घेतली. थारला कंपनीचे टायर परत बसले. स्पेसर मिस्त्रीनं काढले आणि मजुरी घेताना एक शब्द बोलला नाही.

पूल अजून झालेला नाही. कागद जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं आहे आणि मुकादम महिन्याला एक हेलपाटा घालतो. पुढच्या पावसाळ्यात त्या वाटेनं गेलात आणि चुन्याचे दगड दिसले नाहीत, तर गाडी कोणतीही असो, अलीकडंच लिंबाखाली लावा. तात्यांकडं ताजा खवा मिळेल.