आपल्यातल्या मुली काय कमी होत्या?

अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. "मावशी, मी एका मुलाला भेटतेय. आठ महिने झाले. आईला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगतेय." एवढ्या विश्वासानं पोर बोलली. शिक्षण काय, स्वभाव कसा, घरी कोण कोण असतं, दारू पितो का, असे शंभर प्रश्न विचारता आले असते. माझ्या तोंडून निघालं, "अमेरिकन म्हणजे गोराच ना?"

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "नाही गं. काळा आहे."

मी "बरं" म्हटलं. त्या "बरं"मध्ये काय होतं ते तिला कळलं आणि मलाही. पाणी गाळून पिणाऱ्या घरातली मी, पण जिभेवरचं गाळणं त्या दिवशी कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. परका देश, परका धर्म, परकं खाणंपिणं, हे सगळं मी त्या एका क्षणात मनातल्या मनात पचवून मोकळी झाले होते. अट एवढीच, की गोरा असावा.

दोन महिन्यांनी पुन्हा फोन, या वेळी आवाज रडवेला. त्याच्या मोठ्या बहिणीकडे ती जेवायला गेली होती. बहीण वाईट वागली नाही. हिच्यासाठी मांसाशिवायचं वेगळं केलं, विचारपूस केली. पण स्वयंपाकघरात भावाला जे म्हणाली ते हिच्या कानावर पडलंच : "आपल्यातल्या मुली काय कमी होत्या?" हा मुलगा कॉलेजात फुटबॉल खेळायचा, खेळाच्या शिष्यवृत्तीवर शिकला, आता चांगला मिळवता आहे. बहिणीचं म्हणणं असं, की आमच्यातला मुलगा जरा नावारूपाला आला की बाहेरचीच आणतो; मैदानावर बघ, टीव्हीवर बघ. "पण मावशी, मी कुठं गोरी आहे?" भाची म्हणाली. मला त्याही परिस्थितीत हसू आलं.

आधी त्या बहिणीचा रागच आला. मग जाणवलं, की हे वाक्य मी इथं बेळगावात बस्तीच्या आवारात कितीदा तरी ऐकलंय. समाजातला एखादा हुशार डॉक्टर-इंजिनिअर बाहेरची मुलगी करून आला की बायका हळू आवाजात हेच म्हणतात, "आपल्यातल्या मुली काय कमी होत्या ओ?" मीही म्हटलंय. म्हणून मग मी त्या बाईवर रागवायचं थांबवलं आणि त्यांच्याकडची ही गोष्ट काय आहे ते वाचायला घेतलं. दुपारची भांडी आवरली की रोज थोडं थोडं.

सुरुवात जॅक जॉन्सनपासून झाली. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचा हा मुष्टियोद्धा, आईवडील गुलामीत जन्मलेले. 1908 च्या डिसेंबरात सिडनीला तो हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला, पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. गोऱ्यांना ते सोसवेना. निवृत्त झालेल्या जेम्स जेफ्रीजला त्याच्यासमोर उतरवलं. 4 जुलै 1910 ला रिनो गावात जॉन्सननं त्यालाही हरवलं, आणि त्या रात्री अमेरिकेतल्या गावागावांत दंगली झाल्या, माणसं मेली. पण मुक्का मारला हा त्याचा खरा गुन्हा नव्हताच. गोऱ्या बायकांबरोबर तो उघडपणे, मोटारीतून, भारी कपडे घालून फिरायचा, हा होता. 1911 मध्ये त्यानं एटा ड्युरिया या गोऱ्या बाईशी लग्न केलं. तो काही संत नव्हता, तिला त्यानं मारहाणही केलेली. सगळीकडून एकटी पडलेल्या एटानं 1912 च्या सप्टेंबरात स्वतःला संपवलं, आणि डिसेंबरात यानं ल्युसिल कॅमेरॉन या दुसऱ्या गोऱ्या मुलीशी लग्न लावलं. त्याच महिन्यात जॉर्जियाच्या एका खासदारानं अमेरिकेच्या संसदेत मागणी केली, की काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर घटनेतच बंदी घाला. एका माणसाच्या लग्नासाठी देशाची घटना बदलायला निघाले!

त्याला अडकवलं ते बायकांना "अनैतिक कारणासाठी" एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्धच्या कायद्याखाली. ल्युसिल त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाली नाही, तेव्हा त्याची एक जुनी मैत्रीण शोधून आणली. 1913 मध्ये सगळ्या गोऱ्या पंचांनी दोषी ठरवलं. शिक्षा एक वर्ष एक दिवस. तो देश सोडून पळाला, 1920 ला परत येऊन शिक्षा भोगली. माफी मिळाली 2018 मध्ये, तो जाऊन सत्तरावर वर्षं झाल्यावर.

यात मी थांबले ती एका वेगळ्याच जागी. बुकर टी. वॉशिंग्टन हे तेव्हा कृष्णवर्णीयांचे सगळ्यात मोठे पुढारी. त्यांनीही जॉन्सनवर जाहीर टीका केली. या एका माणसाच्या वागण्याचं बिल साऱ्या समाजाच्या नावावर फाडलं जाईल, ही त्यांची भीती. भीती खोटी नव्हती. पण बघा की, गोरा माणूस बायको मारून मोकळा झाला तर त्याचा हिशेब त्याच्याच नावावर राहतो. ज्याच्या मागं समाज अल्पसंख्य, त्याला स्वतःचा मूर्खपणासुद्धा स्वतःचा म्हणून मिळत नाही. आणि लग्न तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट सॅमी डेव्हिस ज्युनिअरची. गायक, नट, नाचणारा, एका डोळ्यानं अधू आणि तरी रंगमंच दणाणून सोडणारा. 1957 मध्ये किम नोव्हाक या गोऱ्या नटीशी त्याचं नाव जोडलं गेलं. ती कोलंबिया स्टुडिओची मोठी तारका, आणि स्टुडिओचा मालक हॅरी कोहन संतापला. 1958 च्या जानेवारीत सॅमीनं अचानक लोरे व्हाइट नावाच्या कृष्णवर्णीय गायिकेशी लग्न केलं. जिवाच्या धमक्या आल्या म्हणून हे लग्न उरकलं, असं त्याच्या जवळच्यांनी पुढं सांगितलं. लग्न फार काळ टिकलं नाही.

ही गोष्ट सांगताना सगळेजण सॅमी आणि किमचं दुःख सांगतात. दोन प्रेमी जिवांची ताटातूट, सिनेमाच जणू. मला मात्र लोरे व्हाइट सुटेना. "आपल्यातली" म्हणून ती आणली गेली. पावसात छत्री उघडावी तशी. ऊन पडलं, छत्री मिटली. त्या बाईनं लग्नाच्या दिवशी आरशात बघताना काय विचार केला असेल? जातीतली, समाजातली, रंगातली म्हणून बायको करणं हा आपण मोठा सद्गुण मानतो, पण तेवढ्याच कारणासाठी केलेली बायको म्हणजे दुसऱ्या कुणालातरी दाखवायचा दाखलाच की.

1960 मध्ये त्यानं मे ब्रिट या स्वीडिश नटीशी लग्न केलं. केनेडींच्या प्रचारात तो राबला होता. मतं जातील म्हणून लग्न निवडणूक होईपर्यंत पुढं ढकललं. आणि 1961 च्या जानेवारीत शपथविधीच्या सोहळ्याचं निमंत्रण ऐनवेळी मागं घेतलं गेलं. तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत असं लग्न गुन्हाच होतं. व्हर्जिनियात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या साध्या नवराबायकोला 1958 मध्ये रात्री झोपेतून उठवून पकडलं होतं. त्यांच्याच खटल्यात 12 जून 1967 ला सर्वोच्च न्यायालयानं असे सगळे कायदे रद्द केले. तरी अलाबामानं आपल्या घटनेतलं ते कलम काढलं 2000 साली, मतदान घेऊन, आणि तेव्हाही दहातल्या चौघांनी ते राहू दे असं मत दिलं. गॅलपची पाहणी सांगते, की 1958 मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला शंभरात चौघांची संमती होती, 2021 मध्ये चौऱ्याण्णव जणांची. आकडा सुंदर आहे. पण मलाही कुणी पाहणीत विचारलं असतं तर मी संमतीच दिली असती. कोथिंबीर निवडताना विचारलं म्हणून खरं उत्तर निघालं.

आता त्या बहिणीच्या बोलण्याकडे येते. गोरे म्हणत होते "आमच्या बायकांना हात लावू नका", ती मालकीची भाषा होती. बहीण म्हणते "आम्ही काय कमी होतो?", हा वेगळा आवाज आहे. आणि तो अगदीच हवेतला नाही. प्यू संस्थेनं 2015 मध्ये नव्यानं लग्न झालेल्यांची मोजदाद केली, तेव्हा कृष्णवर्णीय पुरुषांपैकी 24 टक्क्यांनी बाहेर लग्न केलं होतं, बायकांपैकी 12 टक्क्यांनी. अर्थात याच आकड्यात हेही आहे, की चारांतल्या तिघा पुरुषांनी आपल्यातलीच केली. लेब्रॉन जेम्सनं बास्केटबॉलमध्ये जग जिंकून 2013 मध्ये लग्न केलं ते शाळेपासूनच्या मैत्रिणीशी, सव्हानाशी. त्याची कुणी गोष्ट सांगत नाही. डोळ्यात खुपतात ते बाकीचेच.

इथं माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. 1990 मध्ये सांगलीकडचं एक स्थळ मला बघायला आलं होतं. पोहे झाले, चार प्रश्न झाले. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप, "मुलगी शिकलेली आहे, चांगली आहे, पण रंग जरा..." वाक्य पुरं करायचीही गरज त्यांना वाटली नाही. मुलाला मला नाही म्हणायचा हक्क होताच. तो नाही म्हणाला याचं दुःख आठवडाभरात गेलं असतं. पण त्या "रंग जरा..." मध्ये मी एकटी नव्हते. माझी आई होती, आत्या होती, माझ्यासारख्या सगळ्या सावळ्या पोरी होत्या. तो मला नाकारत नव्हताच, मला त्यानं बघितलंच कुठं होतं!

बी.ए.ला तर्कशास्त्र शिकताना जे कळलं नाही ते तेव्हा कळलं. एका माणसाला "हो" म्हणणं वेगळं आणि एका अख्ख्या जातीला "नको" म्हणणं वेगळं. पहिल्याचा जाब कुणी कुणाला मागू नये. समाजानं नाही, आईबापांनी नाही, टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांनी तर नाहीच. खेळाडूनं आम्हाला पदक द्यायचं असतं, सून नाही. पण एखादा नामवंत मुलाखतीत ऐटीत सांगतो, की आमच्यातल्या बायका मला आवडतच नाहीत, त्यांचा आवाज मोठा, त्या भांडकुदळ, तेव्हा ती "आवड" त्याच्या एकट्याची राहात नाही. त्याच्या शब्दाला किंमत आहे, आणि ती किंमत शाळेत जाणाऱ्या काळ्या मुली चुकवतात. आवड ही निरागस असते असं आपण धरून चालतो. वांगं आवडत नाही तसं. पण लहानपणापासून प्रत्येक जाहिरातीत, प्रत्येक सिनेमात एकाच रंगाची बाई बक्षीस म्हणून दाखवली, तर ती आवड तयार व्हायला माझं मत कोण विचारतं?

अडचण एवढीच आहे, की बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. लग्नाच्या फोटोत "हो" दिसतो, त्यामागं "नको" आहे की नाही ते दिसत नाही. त्या बहिणीची जखम खरी, पण तिनं ती भावाच्या खात्यावर लिहिली तिथं ती चुकली असं मला वाटतं.

आणि बाईची गोष्ट आली की हिशेब आणखी बिघडतो. सेरेना विल्यम्सचं बघा. वर्षानुवर्षं तिच्या दंडांवर, अंगलटीवर लोक बोलले. 2014 मध्ये रशियन टेनिस संघटनेच्या अध्यक्षानं तिला आणि व्हीनसला "विल्यम्स बंधू" म्हटलं, त्याबद्दल त्याला दंड आणि वर्षभराची बंदी झाली. ही बाई काळी, ही बाईच नव्हे, असं ऐकत तिनं तेवीस ग्रँड स्लॅम जिंकली. 2017 च्या नोव्हेंबरात तिनं न्यू ऑर्लिन्सला अलेक्सिस ओहानियन या गोऱ्या उद्योजकाशी लग्न केलं, मुलगी तेव्हा अडीच महिन्यांची. आणि मग आपल्यातलेच काहीजण विचारू लागले, आपल्यातला का नाही मिळाला? इतकी वर्षं हे विचारणारे कुठं होते? पुरुष बाहेरची आणतो तेव्हा ते यश, बाई बाहेर जाते तेव्हा ती फितुरी. हे मात्र मला अमेरिकेत जाऊन शिकावं लागलं नाही.

आपल्याकडे विव्हियन रिचर्ड्स आणि नीना गुप्ता यांची मुलगी मसाबा 1989 मध्ये जन्मली, तेव्हा आमच्या गल्लीत जी कुजबुज झाली ती मला आठवते. लग्नाविना मूल हा तिचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा, मूल कुणासारखं दिसेल हा. तो अर्धा भाग बोलणाऱ्यांत मीही होते, आणि तेव्हा माझं वय भाचीपेक्षाही कमी होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी पोह्यांची ती बशी घेऊन मी बाहेर आले.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की त्याच्या बहिणीला समजवायला जाऊ नकोस, तिच्याकडे पुन्हा जेवायला जा. गेली. अजून फार बोलत नाहीत एकमेकींशी, पण या वेळी बहिणीनं भावाच्या लहानपणचे खेळतानाचे फोटो काढून दाखवले म्हणे.

गेल्या महिन्यात भाचीनं अखेर तिच्या आईला, माझ्या अक्काला, सांगितलं. मी तेव्हा माहेरीच होते. आमच्या आईनं, वय वर्षं शहाऐंशी, चष्मा पुसून माझ्या मोबाइलवर त्याचा फोटो बघितला. "उंच आहे की गं," म्हणाली. मग म्हणाली, "दिवस मावळायच्या आत जेवतो का विचार." मी विचारलं. उत्तर आलं, शनिवार-रविवारी जमेल.

अक्कानं फोटो अजून बघितलेला नाही. मोबाइल पुढं केला की ती ओट्याकडे वळते, काहीतरी पुसायला घेते. लोक म्हणतात, तू तिची बहीण, तू समजाव. मी मोबाइल पदराखाली ठेवते आणि तिच्याबरोबर भाजी चिरायला बसते.