सुट्टी आणि शेजारधर्म

२८ सप्टेंबर २०२३ रोजी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्या. मुंबईतील मुस्लिमांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले, शासनाने २९ तारखेची सुट्टी जाहीर केली. काहींना ही माघार वाटली. पण रबीउल अव्वलची बारा तारीख राजपत्राने थोडीच हलते? जुम्याविषयी कुरआनचा आदेशही असा आहे की, अजान होताच व्यवहार थांबवा आणि नमाज आटोपताच रोजीच्या शोधात निघा. इबादतीला दिवसभराची रजा लागत नाही.

मग सुट्टी कशासाठी? जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक सुट्टी हा मूलभूत हक्क नाही. सुट्ट्या आधीच फार झाल्या आहेत. हक्क नसेल तर ती समाजाने दिलेली मान्यता आहे. तुमचा दिवस आमच्याही दिनदर्शिकेत आहे, एवढेच ती सांगते.

मान्यता घेणाऱ्याने ती द्यायलाही शिकावे. चामोर्शीत महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा भरते, त्या दिवशी सुट्टी असते. रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, मिलाद हे आपले चार दिवसही यादीत आहेत. आपल्या शेजारच्या गोंडांच्या ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, २०२५ च्या राज्याच्या यादीतही जागा नव्हती. त्यांची मागणी आपण आपली का मानू नये?

यादी वाढवायची नसेल तर प्रश्न अधिक कठीण होतो. शेजाऱ्यासाठी दिवस सरकवणाऱ्यांना एखादा दिवस सोडता येईल काय? हा प्रश्न प्रत्येक समाजाने स्वतःला विचारावा. सुरुवात आपण करावी.