वर्णनांत दडलेली आज्ञा

निरनिराळ्या संगणकप्रणालींमध्यें निरोपांची ने-आण करण्यासाठीं स्प्रिंग इंटिग्रेशन, अपाचे कॅमल अशा चौकटी वापरतात. कोणता निरोप कोठून कोठें जावा याचें वर्णन कॉन्फिगरेशन फाइलींत करावयाचें, असा संकेत आहे. परंतु तिच्यांतच ग्रूव्हीसारख्या स्क्रिप्ट-भाषेंतील चार ओळी घालण्याचीही सोय आहे. नियम बदलला तरी सारी प्रणाली पुन्हां बांधावी लागत नाहीं, हा तिचा लाभ. प्रश्न सोयीचा दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे. वाचणारा जेथें केवळ वर्णन पाहावयास येतो, तेथें निर्णय लिहून ठेवणें सचोटीचें काय?

समजा, कारखान्याच्या काट्यावरील उसाचें वजन बँकेकडे जातांना अशाच एका ओळीनें कपात केली. मुख्य प्रोग्राम निर्दोष आणि फाइलींत तर केवळ मार्ग, असें सारेच म्हणतील. मग शेतकऱ्यानें दाद कोणाकडे मागावी?

तरी वर्णनांत आज्ञा मुळींच नसावी, असें आम्ही म्हणत नाहीं. 26 जुलै 1902 चा राजर्षि शाहू छत्रपतींचा जाहीरनामा करवीरकरांस ठाऊक आहेच. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा 50 मागासलेल्या वर्गांस, हें त्यांतील धोरण. पण ज्या कचेरींत हें प्रमाण कमी असेल तेथें पुढील नेमणूक त्याच वर्गांतून व्हावी, ही अटही त्यांतच होती. मागासलेले कोण, हें स्पष्ट केलें होतें. शिवाय खातेप्रमुखांकडून नेमणुकांचा तिमाही तक्ता मागविला होता. धोरण व अंमल एकाच कागदावर आले, पण उघडपणें आले: अट थोडक्यांत, शब्दांचा अर्थ निश्चित, हिशेब बंधनकारक.

फाइलींतील स्क्रिप्टीसही हीच कसोटी लावावी. एका ओळीची अट तेथें शोभते. ती वाढून कारभार होऊं लागली, म्हणजे तिच्यांतील चूक बहुधा निरोप येईपर्यंत निजून राहते. आणि फाइल बदलण्याचा अधिकार हा यंत्रास हुकूम देण्याचा अधिकार होऊन बसतो. 2020 सालीं जावाच्या 15 व्या आवृत्तींतून नॅशॉर्न हें जावास्क्रिप्टचें इंजिन काढण्यांत आलें; त्यावर विसंबलेल्या ओळींस दुसरा आधार शोधणें भाग पडलें. त्या कोठें आहेत हेंच ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें तो कसा शोधावा?

उपाय अवघड नाहीं. मोठी स्क्रिप्ट स्वतंत्र फाइलींत, स्वतःच्या नांवानें ठेवावी, तिची चांचणी घ्यावी, आणि मूळ फाइलींत तिचा पत्ता द्यावा. स्प्रिंग इंटिग्रेशन अशी फाइल ठराविक वेळानें पुन्हां वाचूंही शकतें. म्हणजे सोयही बुडत नाहीं. आज्ञा करणारानें आज्ञेच्या जागीं उभें राहावें, इतकेंच आमचें मागणें आहे.