सौजन्य

नवीन जालन्यात, सदर बाजाराच्या अंगाला, अण्णांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. वायर, पंखे, इन्व्हर्टर, आणि अलीकडे हायमास्ट उभारायची कामंही. उजेडावर त्यांचा जीव होता आणि त्याला कारण होतं. भारनियमनाच्या दिवसांत मराठवाड्यात तासन् तास वीज नसायची. दोन्ही लेकींचा दहावीचा अभ्यास अण्णांनी मेणबत्तीवर करून घेतला होता. पुढं हातात चार पैसे खेळू लागले तेव्हा त्यांनी दान केलं ते दिव्यांचंच. देवळापुढं दिवा, स्मशानात दिवा, कुंडलिका नदीकडे जाणाऱ्या एका बोळात दिवा. प्रत्येक खांबावर पाटी: ‘सौजन्य’, खाली दुकानाचं नाव. पाटी दिव्याच्या बरोबर खाली, म्हणजे रात्रीही वाचता यावी.

त्या बोळातल्या एका घरानं खिडकीला बारदान लावलेलं होतं. अण्णांना वाटायचं, पडद्याची ऐपत नसेल.

मार्चअखेरीस पुण्याची धाकटी लेक म्हणाली, “अण्णा, तुम्ही समुद्र कुठं पाहिलाय? चला, वेळासला जाऊ.” जालन्याहून पुणे, ताम्हिणी उतरून माणगाव, मग मंडणगड आणि तिथून पुढं वळणांवर वळणं. अण्णांच्या डोक्यात समुद्र म्हणजे भेळेच्या गाड्या, घोडे आणि दिव्यांची रांग. गाडी थांबली ती जांभ्या दगडाच्या घरांपुढं. हॉटेल नाही, बाजार नाही. गावातल्याच एका घरी राहायचं, काकू वाढतील ते जेवायचं, ओटीवर गाद्या घालून झोपायचं.

“समुद्र कुठंय?”

“सुरूच्या बनापलीकडे,” काकू म्हणाल्या. “पण ऊन उतरू दे. आधी सोलकढी घ्या.”

जालन्याचं ऊन भाजतं, इथलं उकडत होतं. अण्णांचा सदरा पाठीला चिकटला तो निघेचना. तरी त्यांना धीर नव्हता. चपला हातात घेऊन ते तापलेल्या वाळूत उड्या मारत पाण्यापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. इकडून तिकडं नजर जाईल तिथवर माणूस नाही, टपरी नाही, एक खांब नाही. असा मोकळा समुद्र पाहून दुसरा कुणी गप्प झाला असता. अण्णांनी पावलं मोजली आणि हिशेब मांडला: सात हायमास्ट.

चहाच्या वेळी त्यांनी काकूंना सांगून टाकलं, “गावाला माझ्याकडून भेट. खांब, दिवे, केबल, सगळं. बिल फक्त तुम्ही भरायचं.”

काकू हसल्या. “गावात विचारायला हवं. आधी संध्याकाळी कासवं तर बघा.” कोकणात असंही ‘नाही’ म्हणतात, हे अण्णांना ठाऊक नव्हतं.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी खड्डा करते आणि शंभर-सव्वाशे अंडी घालून, वाळू लोटून निघून जाते. पुढचं काम उन्हाचं. वाळू जास्त तापली तर माद्या निपजतात, कमी तापली तर नर. पूर्वी ही अंडी माणसं उकरून नेत, उरली तर कुत्री आणि कोल्हे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास इथं काम सुरू केलं आणि हळूहळू गावातलीच माणसं राखण करू लागली. अंडी उचलून जाळीच्या कुंपणात आणायची, तसाच खड्डा करून पुरायची, वर टोपली पालथी घालायची. साधारण पन्नास दिवसांनी टोपलीखाली हालचाल दिसते. कासव महोत्सवाला लोक येऊ लागले तशी घराघरांत पाहुण्यांची सोय झाली. हे सगळं लेकीनं गाडीत सांगितलं होतं. अण्णा ताम्हिणीतच झोपले होते.

संध्याकाळी दोरीच्या अलीकडे पन्नासेक माणसं दाटीवाटीनं उभी. कासवमित्र पोरानं टोपली उचलली. आधी नुसती वाळू. मग वाळूला एक नाक फुटलं, मग काळपट, बोटाएवढं पिल्लू, पाठीला अजून वाळू चिकटलेली. पोरानं पिल्लं पाण्यापासून काही पावलांवर सोडली. चार वल्ही मारायची, थांबायचं, मान उचलायची, पुन्हा चार वल्ही. लाट आली की पिल्लू दिसेनासं होई आणि लोक श्वास सोडत. शेवटची चार-पाच रेंगाळली तोवर सूर्य बुडाला. मागं उभ्या अण्णांना नीट दिसेना. त्यांनी पिशवीतून दुकानातला सगळ्यात जोरदार टॉर्च काढला, दोरीपाशी सरकले आणि लावला.

पिल्लं थबकली. एक वळलं. मग दुसरं. पाण्याकडे पाठ करून ती सरळ अण्णांच्या दिशेनं निघाली.

“बघ, बघ!” अण्णांचा आवाज आनंदानं चिरकला. “माझ्याकडं येऊ लागली! ओळख लागली गं लेकरांना!”

“काका, टॉर्च बंद करा,” कासवमित्र म्हणाला. “आणि पाय हलवू नका.”

तो रागावला नाही. अंधाराला डोळे सरावेपर्यंत सगळे तसेच उभे राहिले. एक पिल्लू अण्णांच्या अंगठ्याला अडलं होतं. हळूहळू ते वळलं आणि आल्या वाटेनं परत निघालं. तेवढ्या फेऱ्यातच त्याचा दम गेला होता, दर दोन वल्ह्यांना थांबत होतं. पोटातला बलक काही दिवसच पुरतो, तो समुद्रात पोहायसाठी असतो, पोरगा म्हणाला. “रात्री झाडांची बाजू काळी असते, पाण्याची जरा उजळ. उजळ दिसेल तिकडं चालायचं, एवढंच त्यांना कळतं. खांबाला दिवा असला तर सकाळपर्यंत खांबाभोवतीच फिरतात. मग कावळे आहेत, खेकडे आहेत. आणि मादी तर उजेड बघून किनाऱ्यावरच येत नाही.”

अण्णांनी हायमास्टचा विषय पुन्हा काढला नाही. रात्री बनातून परतताना पोराच्या हातातल्या टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधलेला त्यांनी पाहिला आणि कागद कितीला मिळतो एवढं विचारलं.

जालन्याला आल्यावर ते एका रात्री त्या बोळात गेले. दार वाजवलं. बाई दचकली, शेठ घरी कशाला आले?

“मावशी, हे बारदान कशापायी लावलंय?”

ती आधी सांगेना. मग म्हणाली, “तुमचा दिवा सरळ पाळण्यावर येतो. लेकरू झोपतच नव्हतं.”

“मग सांगितलं का नाही मला?”

“कसं सांगावं? तुमचं नाव लिहिलंय ना त्याच्यावर.”

दुसऱ्या दिवशी शिडी आली. दिव्याला पत्र्याची टोपी बसली, उजेड खाली रस्त्यावर पडू लागला. पाटी अंधारात गेली. कारागिरानं विचारलं, पाटी खाली घेऊ का? अण्णा म्हणाले, राहू दे तिथंच. माणसाचा स्वभाव एका कासवानं किती बदलावा!

आठवड्यानं त्यांनी वेळासला फोन लावला. “काकू, जालन्याहून बोलतोय. दिव्यांचं सोडा. गावाला काय पाहिजे ते तुम्हीच सांगा.”

काकूंनी थोडा विचार केला. “टॉर्च चार पाठवा, साधे. कागद आम्ही लावू. आणि पुढच्या साली येताना मोसंबी आणा हो, तुमच्याकडची गोड असतात म्हणे.”

“किती आणू?”

“टोपलीभर. महोत्सवाला घरात माणसं फार असतात.”