फियाटपाशी, हेराल्डपाशी

दोन लहान गाड्या मनात आणू या. घाई नको. एक फियाट अकराशे, कुर्ल्याच्या कारखान्यातली, पुढे प्रीमियर पद्मिनी झालेली. दुसरी मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. फियाट मूळची तुरिनची. हेराल्ड 1959 च्या इंग्रजी ट्रायम्फवरून आलेली, पण तिचं रूप रेखाटलं तुरिनच्याच जोवान्नी मिकेलोत्ती यांनी. म्हणजे दोघींचं माहेर एकच म्हणायला हरकत नाही.

आकड्यांपाशी क्षणभरच थांबू. फियाटचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद साधारण 40 अश्वशक्ती. हेराल्डचं 948 सीसी, ताकद त्याहून थोडी कमी. चार माणसं बसवून घाट चढताना फियाटला जरा कमी धाप लागेल, एवढंच. आकडे आता बाजूला ठेवा.

हेराल्डमध्ये बसा. स्टिअरिंग पूर्ण फिरवा. अवघ्या 25 फुटांच्या वर्तुळात ती वळते. मोठी गाडी जिथे दोनदा मागेपुढे करते, तिथून ही सरळ निघून येते. आता खाली उतरा आणि बॉनेट उघडा. मडगार्डांसकट अख्खा पुढचा भाग पुढे कलंडतो आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. दुरुस्ती करणाऱ्याच्या पाठीचा इतका विचार फार कमी गाड्यांनी केला असेल. चारही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र. मात्र इथेच सावध व्हायला हवं. वेगात वळताना मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर मागचं बाहेरचं चाक आत दुमडू पाहतं.

आता फियाट. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे पुढेच तिघं बसतात. मागे साधा, सलग अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. यात चतुराई काही नाही. पण चार दारं आहेत. डोळे मिटून मागच्या दाराशी उभं राहा. नऊवारीतली आजी, मांडीवर मूल घेतलेली सून, डबे, वळकट्या. दोन दारांच्या हेराल्डमध्ये या सगळ्यांना पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. चार दारांची हेराल्ड बनली ती भारतातच, मार्क थ्री म्हणून. ती वेगासाठी नव्हती, या माणसांसाठी होती. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणखी एका गोष्टीपाशी थांबा. रस्त्यात गाडी बंद पडली तर कोण येणार? मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी बहुतेक फियाटच असे. म्हणून तिचे सुटे भाग मिळत, तिचा आवाज ओळखणारे मिस्त्री नाक्यानाक्यावर असत. इंजिन उघडायला हेराल्डचं सोपं. पण उघडणारे हात फियाटला जास्त लाभले. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये थांबली. हेराल्ड आणि तिच्यामागून आलेली गॅझेल सत्तरच्या दशकातच संपली होती. सोय गाडीत किती असते आणि तिच्याभोवतीच्या माणसांत किती, हे इथे सावकाश मोजून पाहा.

माझं मत विचाराल तर बांधणीत हेराल्ड सरस, रोजच्या संसाराला फियाट. आज हेराल्ड घेणार असाल, तर रंगाकडे नंतर बघा. आधी खाली वाकून चॅसीच्या कडांना गंज लागलाय का, ते तपासा.